तालुक्याच्या गावातला चित्रास्वादाचा वर्ग : एक सविस्तर अभिप्राय

वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर रविवारी दुपारी चित्रास्वादाचा एक वर्ग भरतो. चित्रे काढायला शिकवणारे वर्ग आमच्याकडे नवीन नाहीत; एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी मुलांकडून स्थिरचित्रे आणि संकल्पचित्रे घोटवून घेणारे शिक्षक बहुतेक मोठ्या गावांत सापडतात. या वर्गात मात्र कोणाच्याही हातात पेन्सिल दिली जात नाही. दुसऱ्यांनी काढलेली चित्रे आणि घडवलेल्या मूर्ती कशा पाहाव्यात, त्या कोणी, केव्हा, कोणत्या साधनांनी आणि कोणाच्या पैशाने केल्या, हे समजून घेणे एवढाच त्याचा हेतू आहे. एक निवृत्त कलाशिक्षक तो चालवतात. त्यांना गावात सगळेच नुसते ‘सर’ म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. माझे स्वतःचे कृषी सेवा केंद्र आहे आणि बियाण्यांच्या कंपन्यांकडून आलेली कॅलेंडरे गिऱ्हाइकांना वाटणे यापलीकडे चित्रकलेशी माझा संबंध नव्हता. वर्ग पूर्ण केल्यापासून दुकानात येणारे अनेक जण त्याबद्दल विचारतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘त्याचा फायदा काय’ हाच असतो. त्या सगळ्यांना एकदाच नीट उत्तर देता यावे म्हणून हा अभिप्राय.

व्यवहाराच्या गोष्टी आधी सांगतो. वर्ग बारा रविवारांचा असतो, प्रत्येक बैठक सुमारे तीन तासांची, आणि फी बाराशे रुपये. लोणार आणि अजिंठा अशा दोन सहली त्यात धरलेल्या आहेत, पण गाडीभाडे वेगळे पडते. प्रमाणपत्र मिळत नाही, आणि दहावीला चित्रकलेचे जे वाढीव गुण मिळतात त्यांच्याशीही याचा काही संबंध नाही. हे सर पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतात आणि ते ऐकून दोन-तीन पालक आपल्या मुलांना उठवून घेऊन जातात, असे जुन्या विद्यार्थ्यांकडून कळले. आमच्या तुकडीतही तसेच झाले. ज्यांना गुण हवे आहेत त्यांनी खरोखरच येऊ नये. उरलेल्यांमध्ये शिक्षक, दोन अंगणवाडी सेविका, एक औषध दुकानदार, काही महाविद्यालयीन मुले आणि माझ्यासारखे शेतीशी बांधलेले लोक होते.

सुरुवात ज्या चित्राने होते त्याबद्दल सरांना पूर्ण गुण द्यायला हवेत. पहिल्या बैठकीला पडद्यावर युरोपातले कोणतेही जगप्रसिद्ध चित्र नव्हते. भिंतीवर श्रावणात घरोघरी लागणारा जिवतीचा कागद चिकटवलेला होता. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, लेकरांनी वेढलेल्या जरा-जिवंतिका, आणि हत्तीवर व वाघावर बसलेले बुध-बृहस्पती. जन्मापासून पाहिलेल्या या कागदावर वाघ आहे हे वर्गातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हते. अर्धा तास कोणी काही सांगायचे नाही, फक्त जे दिसते ते बोलायचे, असा नियम होता. मग एकेक गोष्ट पुढे येऊ लागली. देवतांचे चेहरे सगळे आपल्याकडे पाहणारे का आहेत, लेकरे आयांच्या मानाने इतकी लहान का काढली आहेत, रंग रेषेच्या बाहेर किंचित का सरकलेला आहे. या शेवटच्या प्रश्नाला धरून सर छपाईकडे वळले. शिळाछापाच्या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागतो, कागद एकामागून एक त्या दगडांवर दाबला जातो, आणि तो जरासा जरी हलला तरी रंग रेषेची साथ सोडतो. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढून आपल्या तैलचित्रांच्या अशाच रंगीत प्रती काढायला सुरुवात केली. पुढे हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. राजवाड्याच्या भिंतीवर शोभणारी लक्ष्मी आणि सरस्वती साध्या माणसाच्या देवघरात आली ती या मार्गाने. माझ्या दुकानातल्या कॅलेंडरावरची लक्ष्मी अजूनही त्याच ठेवणीत उभी असते, हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आले, आणि वर्षानुवर्षे ज्याच्या खाली बसून बिले फाडली तो कागद मी घरी आल्यावर काढून भिंगाखाली धरला. आताच्या छपाईत दगड नाहीत, बारीक ठिपके आहेत. पण बोटांची ठेवण आणि साडीच्या निऱ्यांचा घोळ रविवर्म्याच्या घरातलाच आहे.

या वर्गाची सगळ्यात मोठी ताकद मला इथे दिसली. सर नावे आणि सनावळ्या उशिरा सांगतात आणि पाहणे आधी करवून घेतात. शेतकऱ्याची नजर मुळात काही कमी तयार नसते. पऱ्हाटीच्या पानाची मागची बाजू उलटून पाहून मावा की तुडतुडे हे ओळखणारा माणूस चित्रासमोर आला की मात्र ‘आपल्याला त्यातले काही कळत नाही’ म्हणून मोकळा होतो. हा न्यूनगंड पहिल्या दोन बैठकींतच बऱ्यापैकी निघून जातो, आणि तो निघाला की पुढच्या इतिहासाचे ओझे वाटत नाही.

तिसऱ्या बैठकीला मिलेचे चित्र होते. झाँ-फ्रान्स्वा मिले हा फ्रेंच चित्रकार शेतकऱ्याच्याच घरातला. त्याचे सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात गळून राहिलेले धान्य, वेचणाऱ्या तीन स्त्रियांचे तैलचित्र १८५७ साली पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात लागले आणि आज ते तिथल्याच ओर्से संग्रहालयात आहे. ते दाखवण्यासाठी सरांनी जी युक्ती केली होती ती मला फार आवडली. वाढदिवसाचे आणि अभिनंदनाचे बॅनर छापणाऱ्या गावातल्याच दुकानातून त्यांनी हे चित्र मूळ मापात फ्लेक्सवर छापून आणले होते. पुस्तकात हाताच्या तळव्याएवढे आणि पडद्यावर भिंतीएवढे दिसणारे चित्र प्रत्यक्षात किती मोठे आहे याची कल्पना आपल्याला कधीच नसते. मूळ चित्राची रुंदी सव्वा मीटरच्या आतलीच आहे. फ्लेक्स बाकावर उभा केला तेव्हा त्यातल्या बायका आमच्यापेक्षा कितीतरी लहान, तरीही जड वाटल्या.

वर्गातल्या एका आजींनी लगेच म्हटले, “सर, ह्या त आपल्या वावरात सोयाबीनचा सरवा वेचनाऱ्या बायाच दिसून रायल्या!” सरांनी त्यांना थांबवले नाही, उलट त्या बायकांच्या पाठीकडे नीट पाहायला सांगितले. डावीकडची बाई एक हात पाठीवर टेकवून वाकली आहे आणि त्याच हातात वेचलेल्या ओंब्या आहेत. मधलीचा हात जमिनीला भिडलेला आहे. उजवीकडची अर्धी उठलेली आहे, पुन्हा वाकण्याच्या आधीची. एकीचे डोक्याचे फडके निळे, एकीचे लाल, एकीचे पिवळसर. क्षितिज चित्रकाराने इतके वर नेले आहे की तिघींची शरीरे जवळजवळ पूर्णपणे जमिनीच्या रंगातच राहतात; आकाशात डोके काढायला त्यांना जागाच ठेवलेली नाही. मागे दूरवर गंज्या आहेत, भरलेली गाडी आहे, कापणी करणाऱ्यांची गर्दी आहे, आणि उजव्या कोपऱ्यात घोड्यावर बसलेला मुकादम. हा घोडेस्वार मला कोणी दाखवल्याशिवाय दिसला नसता. तो दिसल्यावर मात्र चित्राचा अर्थच बदलतो, कारण सारे धान्य मागे आहे, सारा उजेड मागे आहे, आणि पुढे ज्या तिघी आहेत त्यांच्या वाट्याला मालकाच्या कापणीतून गळलेले तेवढेच आहे. १८४८ च्या क्रांतीला जेमतेम नऊ वर्षे झाली होती. पॅरिसच्या सुखवस्तू प्रेक्षकांना हे चित्र पाहून धास्ती का वाटली असावी, हे समजावण्यासाठी सरांना मग वेगळे व्याख्यान द्यावे लागले नाही. आजींनी मुकादमाकडे बोट दाखवून विचारले, “हा हाकलून देते का त्यायले?” त्यावर झालेली चर्चा त्या बाराही रविवारांत सर्वांत चांगली होती. फ्रान्समध्ये सरवा वेचण्याचा गरिबांचा हक्क जुन्या प्रथेने मानलेला होता, पण तो कोणत्या वेळेत आणि कोणाच्या नजरेखाली बजावायचा हे ठरलेले असे, हे त्या निमित्ताने समजले.

फ्लेक्सचा दोषही सांगितला पाहिजे. बॅनरवाल्याच्या यंत्राला मळकट रंग सहन होत नाहीत. त्याने मिलेच्या धुळकट पिवळ्याचा हळदी पिवळा करून ठेवला होता. सरांनी त्याची दखल घेऊन शेजारी चांगल्या पुस्तकातले पान उघडून ठेवले आणि दोन्हींतला फरक आम्हाला शोधायला लावला, त्यामुळे नुकसान भरून निघाले. व्हॅन गॉगच्या बटाटे खाणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत मात्र ते भरून निघाले नाही. नेदरलँड्समधल्या न्यूनेन या खेड्यात १८८५ साली काढलेल्या या चित्रात एका दिव्याखाली पाच माणसे बसली आहेत, आणि न सोललेल्या, धूळ लागलेल्या बटाट्याचा रंग आपण त्यांना दिला आहे असे त्याने स्वतःच पत्रात लिहिले होते. ज्या हातांनी जमीन खणली तेच हात ताटात जात आहेत, हे दाखवणे त्याला महत्त्वाचे वाटत होते. आमच्यासारख्यांसमोर ठेवायला याहून योग्य चित्र नाही. पण वाचनालयाचा प्रोजेक्टर जुना आहे, खिडक्यांना पडदे नाहीत, आणि भर दुपारी भिंतीवर एक काळसर डाग आणि त्यात एक पांढुरका ठिपका एवढेच दिसत होते. मागच्या रांगेतल्या मुलांनी शेवटी आपापल्या मोबाईलवर ते चित्र पाहिले. फी घेऊन चालवलेल्या वर्गात जाड कापडाचे पडदे लावणे ही काही अवघड गोष्ट नाही. वाचनालयाच्या व्यवस्थापनाकडे त्याबद्दल आम्ही लेखी विनंती केली आहे.

अजिंठ्याची तयारी दोन बैठकींत होते आणि आमच्या जिल्ह्यातल्या माणसाने केवळ या दोन बैठकींसाठी वर्गाला यावे, असे मी म्हणेन. अजिंठा म्हणजे औरंगाबादकडची (आताच्या छत्रपती संभाजीनगरकडची), दुसऱ्यांच्या जिल्ह्यातली गोष्ट, अशीच आमची समजूत. प्रत्यक्षात पाचव्या शतकात ज्या वाकाटक राजांच्या छत्राखाली तिथली दुसऱ्या टप्प्यातली लेणी कोरली आणि रंगवली गेली, त्यांची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. वाकाटकांची एक शाखा रामटेकजवळच्या नंदिवर्धनहून राज्य करीत होती आणि दुसरी इथून. १९३९ साली वाशीमलाच सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटात वत्सगुल्माचे नाव आहे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला शिलालेख वराहदेव नावाच्या मंत्र्याचा. तो हरिषेण राजाचा मंत्री होता, आणि त्या लेखात विंध्यशक्तीपासून हरिषेणापर्यंतची वंशावळ दिलेली आहे. चित्राला पैसा लागतो, आणि तो पैसा कोणाच्या तरी शेतसाऱ्यातून, व्यापारातून येतो, हा सरांचा आवडता मुद्दा आहे. त्या काळी वत्सगुल्माच्या भोवतालची काळी जमीन कोण कसत होते, या प्रश्नावर ते जरा जास्तच रेंगाळतात, पण मला ते रेंगाळणे खटकले नाही.

तंत्राची माहितीही भरपूर मिळाली. अजिंठ्याच्या भिंती म्हणजे ओल्या चुन्यावरचे युरोपीय पद्धतीचे भित्तिचित्रण नव्हे. खडबडीत कातळावर माती, तूस आणि काडीकचऱ्याचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो सुकल्यावर खळीत कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवा दगड हे बहुतेक जवळपासचे. निळा मात्र अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द या निळ्या दगडाचा. घराच्या कुडाच्या भिंती सारवलेल्या बायकांना हा गिलावा समजावून सांगण्याची गरजच पडली नाही; त्यांनीच उलट सरांना विचारले की तूस किती दिवस भिजवत असतील.

प्रतिकृतींचा इतिहास मात्र मनाला चटका लावणारा आहे. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने तिथे पोचला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर स्वतःचे नाव कोरून ठेवून गेला. १८४४ पासून रॉबर्ट गिल याने वर्षानुवर्षे तिथे राहून मोठमोठ्या तैलप्रती केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कला शाळेतले जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून पुन्हा तेच काम करीत राहिले. त्यांच्याही कितीतरी प्रती १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आगीत गेल्या. दोन्ही वेळा नकला जळाल्या आणि मूळ चित्रे वाघूर नदीच्या कड्यात, वटवाघळांच्या सोबतीने का होईना, टिकली.

प्रत्यक्ष सहलीत सर कोणालाही सगळी लेणी पाहू देत नाहीत, याचा काहींना राग आला. तीस लेण्यांपैकी आम्ही चारच पाहिली. पैसे खर्चून इतक्या लांब यायचे आणि बाकीच्या लेण्यांवरून पुढे निघून जायचे, हे पटायला जड जाते. पण पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर उभे राहिल्यावर सरांचे म्हणणे कळते. आतला उजेड मुद्दाम मंद ठेवलेला आहे, कॅमेऱ्याच्या फ्लॅशला बंदी आहे, आणि डोळे त्या अंधाराला सरावायलाच काही मिनिटे लागतात. घाईने आलेले लोक डोळे सरावण्याआधीच बाहेर पडत होते. थांबलेल्या माणसाला हळूहळू दिसते की त्या चेहऱ्यावर एका बाजूने पडलेली सावली अशी नाहीच. उंच भाग उजळ आणि खोलगट भाग गडद, एवढ्याच हिशेबाने नाकाचा दांडा, वरचा ओठ, हनुवटी पुढे आली आहे. भुवईची रेषा एकाच दमात ओढल्यासारखी आहे. शरीराला तीन ठिकाणी बाक आहे आणि मान झुकलेली आहे, पण नजर खाली वळलेली असल्यामुळे तो कोणाकडेच पाहत नाही. भोवती माणसे, माकडे, मोर, डोंगर यांची दाटी असूनही मधल्या आकृतीला धक्का लागत नाही, कारण बाकी सारे तिच्यापेक्षा लहान मापात काढले आहे. जिवतीच्या कागदावरची लहान लेकरे इथे पुन्हा आठवावीत, हा सरांचा बेत होता आणि तो साधला.

त्याच लेण्यातल्या एका खांबाच्या माथ्यावर चार हरणे कोरलेली आहेत आणि चौघांना मिळून डोके एकच. एक हरीण पाहताना ते डोके त्याचेच वाटते. नजर दुसऱ्याकडे नेली की तेच डोके मुकाट्याने दुसऱ्याचे होते. औषध दुकानदार भाऊंना त्या खांबापासून हलवताना आमची पुरेवाट झाली. सतराव्या लेण्यातल्या जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, मात्र घाईत झाल्या. एकाच भिंतीवर तीच व्यक्ती पुन्हा पुन्हा येते आणि गोष्ट जागेतून पुढे सरकते, काळाची चौकट नसते, हे समजावायला सरांनी वर्गात यथादर्शनाशी, म्हणजे सपाट भिंतीवर खोली भासवण्याच्या युरोपीय रीतीशी, तुलना केली होती. फ्लॉरेन्सच्या चर्चमध्ये मासाच्चो या इटालियन चित्रकाराने १४२७ च्या सुमारास काढलेल्या भित्तिचित्रात सगळ्या रेषा एका बिंदूकडे जातात आणि पाहणाऱ्याला एका जागी खिळवून ठेवतात; अजिंठ्यात पाहणाऱ्याने चालायचे असते. वर्गात हे छान कळले होते, प्रत्यक्ष भिंतीसमोर चालायला गर्दीने जागा दिली नाही. सोमवारी लेणी बंद असतात. मंगळवारी किंवा बुधवारी सहल नेली तर हे टळेल, पण मग नोकरदारांचे जमणार नाही.

लोणारची सहल मला अजिंठ्याहूनही अधिक देऊन गेली, कदाचित तिथे आम्ही लहानपणापासून जात असल्यामुळे. लोक सरोवर पाहायला जातात आणि गावातल्या दैत्यसूदन मंदिरात हात जोडून बाहेर पडतात. सरांनी आम्हाला सकाळी लवकर नेले आणि आत न जाता आधी बाहेरून फिरायला लावले. मंदिराची बाहेरची भिंत सरळ नाही. तारकाकृती आराखड्यामुळे ती सतत कोन करीत आत-बाहेर होते, आणि तिरपे ऊन आले की प्रत्येक कोनाची एक बाजू उजळते, दुसरी अंधारते. काळा पाषाण दुपारी सपाट दिसतो आणि सकाळी बोलका होतो. मूर्ती ओळखण्याचा पाठही तिथेच झाला. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा आणि पद्म ही चारच आयुधे, पण त्यांचा क्रम बदलला की नाव बदलते. चार वस्तूंच्या चोवीस मांडण्या होतात आणि केशवापासून कृष्णापर्यंत संध्येतली चोवीस नावे त्यांतून येतात. लहानपणापासून ‘केशवाय नमः’ म्हणणाऱ्या आम्हा कितीकांना यामागे हातांचा इतका चोख हिशेब आहे हे माहीत नव्हते. परतताना मेहकरला थांबून शारंगधर बालाजीच्या भव्य मूर्तीचे हात आम्ही सगळ्यांनी न सांगता तपासले, आणि पुजारीबुवा जरा गोंधळात पडले.

इथेच एक तक्रार नोंदवतो, ती वर्गाबद्दल नाही. आमच्या परिसरातल्या कितीतरी जुन्या देवळांच्या कोरीव खांबांवर जीर्णोद्धाराच्या हौसेने ऑइलपेंटचे थर चढवले गेले आहेत. पिवळा खांब, गुलाबी कणी, हिरवी वेल. दगडातली बारीक कोर त्याखाली बुजते आणि एकदा बुजली की ती परत उघडणे खर्चाचे आणि जोखमीचे काम होते. सर यावर भाषण करीत नाहीत. ते एक रंगवलेला आणि एक न रंगवलेला खांब शेजारी शेजारी दाखवतात आणि नखाने वेलीची पाने मोजायला सांगतात. आमच्या तुकडीतले दोघे जण आपापल्या गावच्या देवस्थान समितीवर आहेत, त्यामुळे या पाठाचा परिणाम कुठे तरी दिसेल.

आधुनिक चित्रकलेच्या बैठका हा वर्गाचा सगळ्यांत दुबळा भाग. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली नागपुरात झाला, सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यात वाढले आणि जे. जे. मध्ये जाण्याआधी नागपूरच्या कला शाळेत शिकले. विदर्भातल्या माणसाला या दोघांच्या चित्रांजवळ नेण्यासाठी एवढी ओळख पुरेशी होती. रझांचे थोडेफार जमले. चंचल मुलाला शाळेतल्या गुरुजींनी भिंतीवरच्या ठिपक्याकडे पाहत बसवले, ही त्यांनी सांगितलेली आठवण आणि पुढे त्यांच्या चित्रात आलेला बिंदू, हा धागा सगळ्यांना धरता आला. गायतोंडे यांच्या बाबतीत मात्र प्रोजेक्टरने पुन्हा दगा दिला. रूळ आणि सुरीने रंगाचे थर चढवायचे, काही थर पुन्हा उचलायचे, आणि खालचा रंग वरच्यातून झिरपू द्यायचा, ही ज्यांची रीत, त्यांचे चित्र भिंतीवरच्या फिकट उजेडात नुसता रंगीत चौकोन होते. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करणाऱ्या माणसाची सात-आठ चित्रे दहा मिनिटांत सरकवून दाखवणे हा तर त्यांच्यावर अन्यायच होता. “हे त माह्या नातवानं बी काढलं असतं,” असे आजी म्हणाल्या तेव्हा सर हसून पुढच्या चित्राकडे गेले. मिलेच्या वेळी ते थांबले होते. इथेही थांबायला हवे होते. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४ मध्ये गायतोंडे यांचे मोठे प्रदर्शन भरले, ही माहिती सांगून कोणाला त्यांचे चित्र कळत नाही. नागपूरची एखादी सहल आखून मूळ कॅनव्हासवरचे कोणतेही एक अमूर्त चित्र तासभर दाखवले असते, तर त्या बैठकीचे सोने झाले असते.

आणखी एक उणीव अशी की गोंड चित्रकलेला संपूर्ण अभ्यासक्रमात एक वाक्यही मिळाले नाही. रझांचा मंडला सांगायचा आणि त्याच मंडला मुलखातल्या, आता दिंडोरी जिल्ह्यात असलेल्या पाटणगढच्या जनगढ सिंह श्याम यांना विसरायचे, हे पटत नाही. भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रासाठी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतल्या कलावंतांचा शोध सुरू झाला, आणि त्यातून ऐंशीच्या दशकात जनगढ यांची मातीच्या भिंतीवरची रेषा कागदावर आली. पूर्व विदर्भात गोंड समाज मोठा आहे आणि आमच्या वर्गातही त्या समाजातली एक मुलगी होती. तिने याबद्दल विचारले तेव्हा ‘तो लोककलेचा वेगळा विषय आहे’ असे उत्तर मिळाले. अजिंठ्याचे चित्रकारही निनावी कारागीरच होते. त्यांना इतिहासात बसवायचे आणि यांना लोककलेच्या कप्प्यात टाकायचे, ही विभागणी सरांनी पुन्हा तपासावी.

टिपणांबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. ती काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर मिळतात, चित्रे त्यात ओळखू येत नाहीत, सनावळ्या मात्र नीट आहेत. वेळेबद्दल बायकांची तक्रार रास्त आहे. दुपारी दोनला सुरू होणारा वर्ग पाचला संपतो, आणि गावोगावच्या एस. टी. च्या वेळा पाहता लांबून येणारीला घरी पोचायला अंधार पडतो. अकरा ते दोन ठेवला तर अंगणवाडीच्या ताईंची गळती थांबेल. सोयाबीनच्या काढणीच्या काळात वर्ग चालू ठेवण्यातही अर्थ नाही; त्या रविवारी आम्ही मोजकीच माणसे होतो.

तरीही पाचपैकी चार गुण द्यायला मला अडचण वाटत नाही, आणि कापलेला एक गुण प्रोजेक्टर आणि गायतोंडे यांचा मिळून आहे. पुढची तुकडी काढणी आटोपल्यावर, दिवाळीनंतर सुरू होणार आहे आणि नावे वाचनालयातच नोंदवायची आहेत. जाणाऱ्यांनी पहिल्या दोन रांगांत जागा धरावी, सोबत एक साधे भिंग न्यावे, आणि अजिंठ्याच्या सहलीला बॅटरी न नेता पाण्याची बाटली तेवढी न्यावी. दहावीतल्या मुलांना पाठवायचे असेल तर आईबापांपैकी एकाने सोबत बसावे. मुले जिवतीच्या कागदाला कंटाळतात आणि मोठी माणसे कंटाळत नाहीत, असे निदान आमच्या तुकडीत तरी दिसले.